तिखाडीचा वास

खानदेशात पावसाळा सरता सरता डोंगरउतारांवर तिखाडी फुलते. तिचंच दुसरं नाव रोशा गवत; आपल्या परसातल्या गवती चहाची ही चुलत बहीण. पात चुरगाळली की बोटांना गुलाबासारखा वास येतो.

ओढ्याकाठी भट्टी लागे. भांड्यात गवत दाबून भरायचं, वर पाणी ओतायचं, झाकणाच्या फटी कणकेसारख्या मळलेल्या पिठाने लिंपायच्या आणि बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात न्यायची. हे भांडं वाहत्या पाण्यात ठेवलेलं असे. वाफ निवली की पाण्यावर तेलाचा तवंग धरे.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळलं जाई! घरी मात्र त्याचं काम साधं: दुखऱ्या सांध्यांना चोळायचं, डास पळवायचे.

या वासामागे जिरॅनिऑल हे द्रव्य आहे. सिलोनच्या सिट्रोनेला गवताच्या तेलातही ते असतं. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि अशा तेलांना नवं महत्त्व आलं. अमेरिकेत सिट्रोनेलाची कीटकरोधक म्हणून नोंदणी झाली ती 1948 मध्ये. पण त्याआधीच, 1946 साली, तिथल्या लष्कराला डीट हे कृत्रिम कीटकरोधक सापडलं होतं.

डीट तासन्‌तास टिकतं. गवताचं तेल लवकर उडून जातं. शिवाय निव्वळ तेल कातडीला झोंबतं, म्हणून ते खोबरेल तेलात थेंबाथेंबाने मिसळून लावतात.