ट्रॉलीच्या दिव्यांसाठी वायरिंग हार्नेस निवडताना

ऊस गाळपाच्या हंगामात महाराष्ट्र, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलींची वर्दळ रात्रीही सुरू असते. मागचे दिवे बंद असलेली ट्रॉली पाठीमागून वेगाने येणाऱ्या चालकाला अगदी जवळ आल्यावरच दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार मागील लाल दिवा १५५ मीटरवरून दिसणे आवश्यक आहे. ट्रॅक्टरकडून या दिव्यांपर्यंत वीज नेणारा तारांचा संच म्हणजे वायरिंग हार्नेस. त्याची निवड पुढील बाबी तपासून करावी.

व्होल्टेज : ट्रॅक्टर आणि मोटारींची विद्युत यंत्रणा सामान्यतः १२ व्होल्टची, तर बहुतांश जड ट्रकची २४ व्होल्टची असते. सात पिनांच्या जोडणीसाठी १२ व्होल्टकरिता आयएसओ १७२४, तर २४ व्होल्टकरिता आयएसओ ११८५ हे मानक आहे.

पिनांची रचना : आयएसओ १७२४ मध्ये १ आणि ४ क्रमांकाच्या पिना अनुक्रमे डाव्या व उजव्या इंडिकेटरसाठी, ३ अर्थसाठी, ५ आणि ७ उजव्या व डाव्या मागील दिव्यासाठी, तर ६ ब्रेक दिव्यांसाठी असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या चार तारांच्या संचात ब्रेक व इंडिकेटर यांना एकच तार असते. दोन्ही दिवे स्वतंत्र असलेल्या वाहनाला असा संच थेट जोडता येत नाही.

विजेचा भार : ५ वॅटचे दोन मागील दिवे, २१ वॅटचे दोन ब्रेक दिवे आणि २१ वॅटचा एक इंडिकेटर एकाच वेळी लागल्यास ७३ वॅट, म्हणजे सुमारे ६ अँपिअर भार पडतो. एकामागे एक दोन ट्रॉली जोडल्यास तो दुप्पट होतो. फ्यूज आणि फ्लॅशरची क्षमता त्यानुसार असावी. एलईडी दिवे कमी वीज घेत असल्याने जुन्या फ्लॅशरवर इंडिकेटरची उघडझाप बिघडू शकते.

तारेची जाडी : दहा मीटर लांबीच्या ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून दोन ब्रेक दिव्यांना वीज दिल्यास सुमारे १.२ व्होल्टची घट होऊन दिवे मंदावतात. तार १.५ चौरस मिलिमीटरची असल्यास ही घट ०.४ व्होल्टपर्यंत खाली येते.

अर्थ वायर : सर्व दिव्यांचा प्रवाह याच तारेतून परततो, म्हणून ती संचातील सर्वांत जाड असावी. केवळ हुकाच्या लोखंडावर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण गंज, रंग आणि ग्रीसमुळे संपर्क तुटतो. ब्रेक दाबताच इतर दिवे मंदावले किंवा भलताच दिवा लागला, तर प्रथम अर्थची जोडणी तपासावी.

ट्रॉली जोडल्यानंतर एकाने चालकाच्या आसनावर बसून आणि दुसऱ्याने मागे उभे राहून प्रत्येक दिवा तपासावा. भरलेल्या उसाने दिवे झाकले जात नाहीत, याचीही त्याच वेळी खात्री करावी.