पट्टे कापायला काय घ्यावं : रापी, लाकडी कटर, ड्रॉ गेज की मशीन?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-निपाणीपासून पलीकडे कोल्हापूर-सांगलीपर्यंत चामड्याचं काम करणारी घरं आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही दोन्ही राज्यांना मिळून आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. चपलेबरोबरच आता बरेच तरुण कारागीर कमरेचे पट्टे, बॅगेचे बंद, कुत्र्याच्या गळ्यातले पट्टे असा माल करतात. मग प्रश्न येतो, लांब पट्टे एकसारखे कापायला कोणतं हत्यार घ्यायचं?

आधी हिशेब

समजा, ६०० मिलिमीटर रुंदीचं चामडं आहे आणि ३८ मिलिमीटरचे, म्हणजे दीड इंची पट्टे काढायचेत. नीट कापलं तर १५ पट्टे निघतात. पण हात हलला, कड वाकडी गेली आणि प्रत्येक पट्ट्यामागे ३ मिलिमीटर छाटून टाकावे लागले, तर एका पट्ट्याला ४१ मिलिमीटर जातात आणि पट्टे निघतात १४. एक पट्टा कचऱ्यात गेला. कारागिराचा नफा बहुतेक वेळा त्या शेवटच्या पट्ट्यातच असतो. म्हणून हत्याराची किंमत बघताना वाया जाणाऱ्या चामड्याची किंमतही शेजारी मांडायची.

रापी आणि लोखंडी पट्टी

घरोघरी असलेलं, सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही आकाराला चालणारं हत्यार म्हणजे रापी. चपलेचा तळ, कान यांसारखे वळणाचे भाग तिच्याशिवाय होत नाहीत. सरळ पट्टा कापताना मात्र सोबत जड लोखंडी पट्टी हवी. लाकडी फूटपट्टी वापरली तर रापी तिच्यातच शिरते. आठवड्याला पाच-दहा पट्टे करणाऱ्याला एवढं पुरतं. तोटा असा, की प्रत्येक पट्ट्याला पुन्हा मोजायचं, पुन्हा रेघ मारायची.

लाकडी स्ट्रॅप कटर

लाकडी मूठ, तिच्यातून सरकणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, एका टोकाला छोटं ब्लेड. रुंदी ठरवून स्क्रू आवळायचा आणि कटर ओढायचा. साधारण चार इंच रुंदीपर्यंत आणि अर्ध्या इंच जाडीपर्यंतचं चामडं यात कापता येतं. ब्लेड स्वस्त असतं आणि बदलता येतं, त्यामुळे पाजवण्याची कटकट नाही. चामडं वर-खाली दोन्हीकडून धरलं जातं, म्हणून मऊ, ताणणाऱ्या क्रोम चामड्यालाही तो बरा पडतो.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. वरच्या-खालच्या पट्टीतली फट चामड्याच्या जाडीइतकीच ठेवायची. सैल राहिली तर चामडं आत हलतं आणि कड तिरकी होते. दुसरं म्हणजे कटरवर छापलेल्या मापावर विसंबायचं नाही. आधी टाकाऊ तुकडा कापून मोजायचा, मगच चांगल्या चामड्याला हात लावायचा.

ड्रॉ गेज

हा धातूचा, पिस्तुलासारख्या मुठीचा. जाड, कडक, वनस्पतीजन्य कमावणीच्या चामड्याला तो चांगला. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आपल्याकडचं चामडं याच जातीचं. ड्रॉ गेज दणकट असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण पातं स्वतः पाजवावं लागतं आणि किंमतही लाकडी कटरपेक्षा जास्त. मऊ चामडं मात्र यात गोळा होतं. तो अंगाकडे ओढायचा असतो, म्हणून चामड्याचं दुसरं टोक शिकंज्यात घट्ट धरायचं आणि मोकळा हात पात्याच्या वाटेत येऊ द्यायचा नाही. डावखुऱ्यांनी घेण्याआधी हातात धरून बघावं.

रोलरचं मशीन

दांड्यावर ओळीनं गोल पाती, मध्ये ठरावीक अंतराच्या कड्या. हँडल फिरवलं की एका वेळी अनेक पट्टे बाहेर. पण रुंदी बदलायची तर पाती-कड्या काढून पुन्हा बसवाव्या लागतात. एकाच मापाचे शेकड्यानं पट्टे लागत असतील तरच ते परवडतं. रोज वेगळं माप असेल तर मशीन धूळ खात पडतं. चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर गोष्ट वेगळी.

पहिली कड हातानंच

कटर आणि गेज दोन्ही चामड्याच्या कडेला टेकून चालतात. कड वाकडी असेल तर पट्टाही तितकाच वाकडा येतो, आणि पुढचा प्रत्येक पट्टा तोच बाक घेतो. म्हणून पहिली कड लोखंडी पट्टी लावून रापीनं सरळ करून घ्यायची. कापही जनावराच्या पाठीच्या कण्याला समांतर घ्यायचा, कारण त्या दिशेनं चामडं कमी ताणतं. पोटाकडचं चामडं ढिलं असतं. त्याचा कमरेचा पट्टा केला तर थोड्याच दिवसांत लांबतो आणि गिऱ्हाईक परत येतं ते तक्रार घेऊन.

पैशाची सोय

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत चर्मकार आणि पादत्राणे कारागीर येतात. नोंदणी आणि पडताळणीनंतर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पुढे पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजानं मिळू शकतं. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. योजना केंद्राची असल्यामुळे सीमेच्या अलीकडे-पलीकडे नियम तेच. संचात कोणती हत्यारं आहेत हे आधी बघावं आणि जे नाही त्यावरच खिशातले पैसे घालावेत.

थोडक्यात

थोडं काम, रोज वेगळी मापं : रापी आणि लोखंडी पट्टी. नियमित पट्टे, मऊ-कडक दोन्ही चामडी : लाकडी कटर. जाड, कडक चामडं आणि रोजचं काम : ड्रॉ गेज. एकच माप, मोठी ऑर्डर : मशीन. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी लाकडी कटर घ्यावा. काम वाढलं की पुढचं हत्यार त्याच कमाईतून येतं. रापी मात्र कुणालाच सुटत नाही.