मोरा बंदर आणि साडेसातची ओहोटी

परवा ऐरोलीच्या सिग्नलला पाऊण तास अडकलो होतो. पुढे डंपर, मागे डंपर. अशा वेळी माझ्या डोक्यात हटकून मामा येतो. मामा उरणचा. मशीद बंदरच्या एका पेढीवर त्याने तीसेक वर्षं नोकरी केली, आणि ती सगळी लाँचने. मोरा बंदर ते भाऊचा धक्का, तासाभराच्या आत. उरणहून रस्त्याने वाशीवरून जायचं तर साठेक किलोमीटर! म्हणजे ट्रॅफिक नसलेला रस्ता होता आणि आहे, फक्त तो पाण्यातून जातो.

तर मंडळी, आज थोडा इतिहास.

१८४१ च्या सुमारास लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी मुंबईत धक्का बांधला. त्याआधी उतारूंना गलबतातून उतरून चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. आजचा धक्का मूळ जागेवर नाही, पण नाव भाऊंचंच राहिलं. कोकणातली माणसं, भाजी, मासळी सगळं या वाटेने मुंबईत येत राहिलं.

मग मुंबई फुगली. बेट चिंचोळं, त्यामुळे सकाळी सगळे दक्षिणेला आणि संध्याकाळी सगळे उत्तरेला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात मांडलं की ही दिशाच बदला, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी ठरल्या. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी जासई-दास्तान परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली. मुंबईची कोंडी सोडवायची किंमत कोणी मोजली, हे आपण वन बीएचके बुक करताना विसरतो.

शहर झालं, पण ये-जा कशी करायची? १९७३ ला वाशीचा खाडीपूल, १९९२ ला वाशीपर्यंत लोकल. मंत्रालय खाडीपलीकडे हलवायची कल्पना होती, ते काही हललं नाही. उलट नरिमन पॉइंट वाढत गेला. शिवडी-न्हावा पुलाची कल्पना १९६३ ची, आणि 'अटल सेतू' खुला झाला १२ जानेवारी २०२४ ला! जवळजवळ २२ किलोमीटर लांब, खर्च सतरा हजार कोटींच्या वर. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी, आणि कारचा एकेरी टोल सुरुवातीला २५० रुपये. मुंबईला जायचं तर लोकल नेरूळ किंवा बेलापूरला बदलावी लागते.

आणि लाँच? तिची अडचण पाण्यापेक्षा चिखलाची आहे. मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही, काही तास सेवा बंद.

आता इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. मामाने लहानपणी एक हिशोब शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी साडेसातला. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात! आणि सगळ्यात मोठं उधाण, सगळ्यात खोल ओहोटी, ही अमावास्या-पौर्णिमेच्याच आसपास. थोडक्यात, बंदर नेमकं ऑफिसच्या वेळेलाच बंद पडतं. पूर्ण सिस्टम ठीक, बॉटलनेक एकच, आणि तोही पंचांगात आधीच छापलेला!

आजी गेली तो दिवस अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीचा होता. दुपारी पेढीवर निरोप आला. मामा धक्क्यावर पोचला तोवर पाणी ओसरलेलं, लाँच बंद. समोर घारापुरी दिसतेय, तिच्यापलीकडे घर. शेवटी तो गाड्या बदलत रस्त्याने आला. पोचला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आजी आठला गेली होती. मामा यावर कधी बोलत नाही. फक्त कॅलेंडरवर तिथी बघायची सवय अजून आहे.

भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, गाड्यांसकट. मोऱ्याच्या रो-रोचं काम मात्र वर्षानुवर्षं रखडलं. पूल बांधू नयेत असं मी म्हणत नाही. पण हजारो कोटींच्या पुलाची जेवढी चर्चा होते, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी गाळ उपसण्याची व्हावी. १८४१ मध्ये एका माणसाने प्रवाशांचे पाय चिखलातून बाहेर काढले. पलीकडच्या काठावर ते काम अजून बाकी आहे.

असो. रविवारी मामाकडे चाललोय. लाँचनेच! तिथी बघून ठेवलीय.