घोड्याचे मुख आणि घोड्याची दौड

चैत्र-वैशाखात चाकण, खेड, भोसरी परिसरात ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. घाटात बैलगाडा सुटला की त्याच्या पुढे घोडी दौडते, ही येथील जुनी रीत. कारखान्यांनी वेढलेल्या या पट्ट्यात घोड्याची पारख अद्याप टिकून आहे ती अशा यात्रांमुळेच. घोडी पाहताना पहिली नजर जाते ती तिच्या मुखाकडे. मुख देखणे असेल तर घोडी चपळ, ही समजूत कितपत खरी आहे, हे अरबी घोड्याच्या उदाहरणावरून तपासता येते. कारण मुखाच्या सौंदर्यासाठी त्याच्याइतका नावाजलेला दुसरा घोडा नाही.

रुंद व किंचित फुगीर कपाळ, मोठे डोळे, नाकाच्या हाडाला आत वळलेला खोलगट बाक, निमुळते मुस्कट आणि मोठ्या नाकपुड्या ही या मुखाची लक्षणे होत. यांतील नाकपुड्यांचा दौडीशी थेट संबंध आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. हवा नाकावाटेच जाते. शिवाय भरधाव दौडीत एका ढांगेला एकच श्वास, असा त्याचा नेम असतो. त्यामुळे नाकपुड्या पुरेशा फुलणे, दोन्ही जबड्यांमध्ये ऐसपैस जागा असणे आणि मान व गळा यांचा सांधा मोकळा असणे महत्त्वाचे ठरते. जाणकार जबड्याखाली बोटे घालून ही जागा पाहतात, ते याचसाठी. नाकाचा बाक मात्र मुख्यतः सौंदर्याचा भाग आहे. त्याने वेग वाढत नाही.

अरबी घोड्याचे खरे सामर्थ्य मुखाहून अधिक त्याच्या बांध्यात आहे. त्याची पाठ आखूड असते. अनेक अरबी घोड्यांत बरगड्यांच्या 17 जोड्या व कमरेचे 5 मणके आढळतात. इतर जातींत ही संख्या सहसा 18 व 6 असते. अंग आटोपशीर आणि कातडी पातळ असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. स्नायूंची ठेवणही सावकाश थकणारी असते. शर्यतीच्या मैदानावर थरोब्रेड त्याला मागे टाकतो. परंतु एका दिवसात 160 किलोमीटर कापण्याच्या स्पर्धांत अरबी रक्ताच्याच घोड्यांचे वर्चस्व दिसते.

केवळ रूपावर पैदास केली की काय होते, याची चर्चा 2017 मध्ये झाली. अमेरिकेतील एका अरबी शिंगराच्या अतिखोलगट मुखाची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर पशुवैद्यांनी श्वसनाविषयी चिंता व्यक्त केली. शिंगरू निरोगी असल्याचे त्याच्या मालकांनी सांगितले; तरी प्रदर्शनातील बक्षिसासाठी मुखाला कितपत आकार द्यावा, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच मातीत आहे. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून अरबी घोडे दख्खनेत येत. त्यांचा देशी तट्टांशी संकर होऊन भीमेच्या खोऱ्यात भीमथडी घोडा घडला. भीमाशंकरी उगम पावणारी ही नदी खेड तालुक्यातूनच वाहते. मराठ्यांच्या घोडदळाला हवा होता तो काटक, थोड्या चाऱ्यावर जगणारा आणि डोंगरवाटा तुडवणारा घोडा. प्रदर्शनातील मुख नव्हे. 2023-24 मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. मात्र त्याची संख्या आता थोडीच उरली आहे.

तेव्हा घोडी घेताना मुख जरूर पाहावे, पण ते श्वासासाठी. त्यानंतर तिरपा खांदा, आखूड पाठ, भरदार पुठ्ठा, सरळ व मजबूत नळ्या आणि निकोप खूर पाहावेत. शेवटी तिला कठीण जमिनीवर चालवून, मग दौडवून, तिचा श्वास ऐकावा. दौडताना घरघर ऐकू आली, तर मुख कितीही देखणे असले तरी पशुवैद्याच्या तपासणीवाचून सौदा करू नये.