दिनमानात दडलेला पत्ता

१/ पुण्यात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. ‘वेदांग ज्योतिष’ या प्राचीन संस्कृत ग्रंथातील नियमानुसार मात्र तो १८ मुहूर्तांचा, म्हणजे १४ तास २४ मिनिटांचा ठरतो. मग हा नियम कोठे जन्मला? केवळ दिनमानावरून एखाद्या ज्ञानाचा पत्ता शोधता येतो का?

२/ आधी आकाशाचे गणित. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये तो दूर कलतो. ऋतू घडतात ते या कलामुळे, सूर्यापासूनच्या अंतरामुळे नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, आपल्याकडील ऐन थंडीत!

३/ कल साऱ्या पृथ्वीला एकच, परंतु परिणाम अक्षांशागणिक निराळा. विषुववृत्तावर दिनमान वर्षभर १२ तासांच्या आसपास राहते. पुण्यात ते ११ ते सव्वातेरा तास, दिल्लीत सव्वादहा ते १४ तास, तर श्रीनगरला १० तासांहून थोडे कमी ते सुमारे १४ तास २५ मिनिटे. म्हणजे दिनमान हा एका परीने स्थळाचा पत्ताच.

४/ ‘वेदांग ज्योतिष’ हा ग्रंथ लगधाच्या नावाशी जोडला जातो. शं. बा. दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात त्याची सविस्तर चिकित्सा केली. दिनमानाचा नियम त्यात पाण्याच्या मापाने सांगितला आहे: उत्तरायणात दिवस रोज एक प्रस्थ पाण्याइतका वाढतो आणि एका अयनात एकूण ६ मुहूर्तांचा फरक पडतो.

५/ मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे. सर्वांत लहान दिवस १२ मुहूर्तांचा, सर्वांत मोठा १८ मुहूर्तांचा, गुणोत्तर २:३. हे गुणोत्तर सुमारे ३५ अंश उत्तर अक्षांशावर जुळते. त्यावरून काही अभ्यासकांची दृष्टी काश्मीर-गांधाराकडे वळली.

६/ परंतु हेच गुणोत्तर बॅबिलोनच्या ज्योतिषातही आढळते. डेव्हिड पिंग्री यांनी १९७३ साली असा युक्तिवाद केला, की भारतीयांनी ते मेसोपोटेमियातून घेतले. आता प्रश्न केवळ अक्षांशाचा राहिला नाही. ज्ञान उसने की स्वतःचे, हा वाद उभा राहिला.

७/ १९९३ साली जपानी अभ्यासक युकिओ ओहाशी यांनी वेगळ्याच जागी बोट ठेवले. ग्रंथातील नियम दिनमान रोज सारख्याच प्रमाणात वाढते असे मानतो. हिशेब केला तर रोज सुमारे दीड मिनिट. वास्तवात ही वाढ संपाताच्या सुमारास सर्वांत वेगवान असते आणि अयनान्ताजवळ जवळजवळ थांबते.

८/ उत्तर भारतात २७ ते २९ अंशांच्या पट्ट्यात संपाताच्या आसपास दिवस रोज दीड ते पावणेदोन मिनिटांनी बदलतो. तेथे मोजलेली ही गती कोणी सहा महिने तशीच पुढे ताणली, तर उत्तर येते नेमके १२ आणि १८ मुहूर्त! म्हणजे नियम उत्तर भारतातील निरीक्षणातूनही निघू शकतो. टोकाचे आकडे तेवढे प्रत्यक्षात तेथे कधीच दिसणार नाहीत.

९/ या मांडणीने पिंग्री यांचे मत आपोआप खोटे ठरत नाही, पण ‘३५ अंश’ या पुराव्याचा आधार मात्र ढिला पडतो. प्राचीन ग्रंथातील आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की नियमाने काढलेला, हे ठरवल्याविना त्यावरून स्थळ किंवा काळ ठरवणे धोक्याचे, हाच या वादाचा धडा.

१०/ पडताळा घरबसल्या घेता येतो. पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्तावरून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातील दिनमान काढावे: पुण्यात ते रोज सुमारे एका मिनिटाने वाढताना दिसेल. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते जवळजवळ स्थिर असेल. लगधाच्या नियमाने गाळलेली गोष्ट नेमकी हीच.