काटेरी झुडपांतले थडगे

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात कोणी फार वेळ काढला, की वडील बाहेरून ओरडत, "अहो आर्किमिडीज, निघा आता!" शाळेत शिकलेल्या ग्रीक विद्येपैकी एवढेच आमच्या घरात टिकले होते : तो टब, ते सांडलेले पाणी आणि 'युरेका, युरेका' करीत सिराक्यूजच्या रस्त्याने उघडाच धावणारा पंडित.

पुढे वाचनाच्या नादात कळले, की ही गोष्ट लिहून ठेवली व्हिट्रूव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने, आणि तीही आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी! मुकुटातली भेसळ सांडलेल्या पाण्यावरून ओळखणे गॅलिलिओलासुद्धा ओबडधोबड वाटले. एवढा मोठा माणूस तराजू पाण्यात वापरल्यावाचून राहिला नसेल, असे त्याने १५८६ साली मांडले.

मग स्वतः आर्किमिडीजला अभिमान कशाचा होता? एक चेंडू घ्या. तो वर, खाली आणि सभोवार नेमका टेकेल असा दंडगोल डबा करा. चेंडूचे घनफळ डब्याच्या बरोबर दोन तृतीयांश भरते. आणि गंमत अशी, की झाकणबुडासकट डब्याचे पृष्ठफळ घेतले, तर चेंडूचे पृष्ठफळही त्याच्या दोन तृतीयांशच! हीच आकृती आपल्या थडग्यावर असावी, असे त्याने आप्तमित्रांना सांगून ठेवले होते, असे प्लूटार्क लिहितो.

इ. स. पू. २१२ मध्ये रोमनांनी सिराक्यूज जिंकले आणि एका शिपायाच्या तलवारीने तो मारला गेला. इ. स. पू. ७५ मध्ये सिसेरो सिसिलीत अधिकारी म्हणून आला. त्याने चौकशी केली, तर गावकरी म्हणाले, असे थडगेच येथे नाही. सिसेरोला मात्र त्यावरच्या दोनचार ओळी ठाऊक होत्या. वेशीजवळच्या काटेरी झुडपांतून एक लहानसा खांब डोकावताना त्याला दिसला. माथ्यावर गोल आणि दंडगोल! कोयते लावून वाट केली, तो खाली लेखही होता, अर्धा झिजलेला. हे सांगताना सिसेरोची छाती किंचित फुगलेली दिसते. पण तेवढे त्याला माफ.

ते थडगे पुन्हा हरवले. पण मला खरी हुरहूर लागते ती एका पत्राची. अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनीसला त्याने आपली गुप्त युक्ती कळवली होती. आकृतीचे पातळ काप कल्पायचे, ते मनातल्या तराजूवर तोलायचे आणि उत्तर आधी हेरायचे, सिद्धता मागाहून. दहाव्या शतकातली त्याची एक नक्कल कॉन्स्टँटिनोपलमध्ये होती. १२२९ साली कोणा धर्मगुरूला प्रार्थनापोथीसाठी चामड्याचे कागद हवे झाले. त्याने जुनी अक्षरे खरवडून त्यांवर आडव्या प्रार्थना लिहिल्या. डेन्मार्कच्या हायबर्गने १९०६ साली भिंग घेऊन प्रार्थनांच्या खालचा मजकूर वाचला. पोथी पुढे गडप झाली, १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरना विकली गेली, आणि जे भिंगाला दिसले नव्हते ते नंतर क्ष-किरणांनी वाचून दाखवले.

त्या पत्रात आर्किमिडीज म्हणतो, की आज असलेले किंवा पुढे जन्मणारे कोणी या युक्तीने, मला न सुचलेले सिद्धान्तही शोधून काढतील. पत्र उघडले तेव्हा न्यूटन आणि लायब्निट्स यांनी ती वाट स्वतःच नव्याने पाडून दोनशे वर्षे उलटली होती.