खोट: भर की तूट?

बॅटरीच्या कॅथोडमधल्या दोषांना 'अशुद्धी' म्हणून मोकळे होता येते. मला मात्र 'खोट' हा शब्द खुणावतो. त्याचे मूळ सरळ हाती लागत नाही. खोट्या साक्षीला संस्कृतात 'कूटसाक्ष्य' म्हणतात, तेव्हा 'कूट'शी नाते असावे. पण 'क'चा 'ख' आणि 'ऊ'चा 'ओ' कसा झाला, हे कोडे उरतेच. शब्द देशीही असेल. शेजारी गंमत अधिक आहे. हिंदीत 'खोट' म्हणजे सोन्यात मिसळलेला हलका धातू, म्हणजे भर. गुजरातीत 'खोट' म्हणजे व्यापारातला तोटा, म्हणजे तूट.

कॅथोडला दोन्ही अर्थ लागू पडतात. भुकटीत लोखंडाचा कण राहिला, तर तो विरघळून ॲनोडवर साचतो आणि शॉर्टसर्किटचे भय निर्माण होते. ही हिंदी खोट. निकेलयुक्त भुकटी भट्टीत भाजताना थोडे लिथियम उडून जाते, ती गुजराती. रिकाम्या जागी निकेलचा आयन जाऊन बसतो, कारण दोघांच्या त्रिज्या जवळजवळ सारख्या: लिथियमची ०.७६, निकेलची ०.६९ अँगस्ट्रॉम. मग लिथियमचीच वाट अडते. ही तूट धरून लिथियम आधीच थोडे जास्त घालतात. त्यातले उरलेले हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कणांवर कार्बोनेटचा थर धरते. तुटीच्या धास्तीने भर!

निकेल हे नाव तरी कुठे निर्दोष आहे? जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखे दिसणारे खनिज सापडे, तांबे मात्र निघत नसे. त्यांनी त्याला 'कुप्फरनिकेल' म्हटले, तांब्यात दडलेले खोडकर भूत. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५१ मध्ये अशाच खनिजातून नवा धातू काढला, आणि शिवीचे नाव झाले. कोबाल्टही 'कोबोल्ड' या खाणीतल्या पिशाच्चावरून आला असावा.

उलट बाजूला अरबी 'खालिस', म्हणजे शुद्ध. फारसीमार्गे त्याचे 'खालसा' झाले दिसते: मध्ये कोणी वाटेकरी नसलेली निव्वळ सरकारी जमीन. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य 'खालसा' झाले, तोवर अर्थातली शुद्धता पार आटली होती.

कॅथोडलाही खालिसपणा सोसत नाही. निव्वळ लिथियम निकेल ऑक्साइड टिकाऊ ठरत नाही, म्हणून त्यात कोबाल्ट, ॲल्युमिनियम मुद्दाम घालतात. अशा थोड्या, हेतुपूर्वक मिसळीला 'डोपिंग' म्हणतात. मुळात डच 'डोप', म्हणजे बुडवून खायचे कालवण. तिला 'खोट' म्हणवत नाही, आणि सोनारांचे 'हीण' तर नावातच कमीपणा घेऊन येते. गुणासाठी घातलेल्या धातूला तुमच्याकडच्या कारागिरांत वेगळा शब्द असेल, तर जरूर कळवावा.